थांबण्याची वही

राष्ट्रपती वामनराव इंगोले फाइल वाचत नसत, ऐकत असत. डोळ्यांच्या पडद्याने दगा दिल्यापासून त्यांना कडेकडेचं दिसे, मधलं दिसत नसे. समोर बसलेल्या माणसाचे कान दिसत, चेहरा दिसत नसे. वाचून दाखवणारी यंत्रं तोवर पायलीची पन्नास मिळू लागली होती, पण त्यांनी ती पहिल्याच आठवड्यात परत पाठवली.

"यंत्र सगळं एकाच सुरात वाचते," ते म्हणाले होते. "साधी ओळ असो का लबाड ओळ असो. माणसाची जीभ लबाड ओळीवर जराशी अडखळते. मले ते अडखळणं ऐकू येते."

म्हणून हेमांगी टिपणीस. वय बावन्न, मूळची पेणची, आधी मुंबईत मंत्रालयात लघुलेखक, आणि गेली चार वर्षं दिल्लीत टेकडीवरच्या त्या मोठ्या घरात राष्ट्रपतींची टिपणलेखिका. येणारी प्रत्येक फाइल ती मोठ्याने वाचायची, मग तिचं एका पानाचं टिपण करायची. आडनावाला जागणारी नोकरी मिळालेली माणसं या देशात किती असतील? हेमांगीला त्याचा अभिमान होता आणि तो ती लपवतही नसे.

वामनराव वाशीमच्या शाळेत सव्वीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवत होते. नंतर खासदार झाले, आणि मग कुणाचंच कुणाशी जमेना तेव्हा सगळ्यांना चालणारं नाव म्हणून या घरात आले. 'महामहिम' म्हटलेलं त्यांना खपत नसे. हेमांगी त्यांना 'सर' म्हणे आणि ते तिला 'टिपणीसबाई'. फाइलीही ते पेपर तपासल्यासारख्या तपासत. ऐकता ऐकता मध्येच तर्जनी वर करत. हेमांगी थांबायची. मग प्रश्न यायचा, "ताब्यात घेणे म्हणजे नेमकं काय करणार हो ते?" किंवा "हे 'इत्यादी'मध्ये कोणकोण बसते?" प्रश्न विचारून झाला की त्या ओळीपाशी लाल पेन्सिलीने एक फुली पडे. आणि पेपर तीन दिवसांत परत, हा शाळेतला नियम त्यांनी इथेही पाळला होता. चार वर्षांत एकाही फाइलीला त्यांच्या टेबलावर चौथा दिवस उजाडला नव्हता.

हे सगळं नीट व्हावं म्हणून हेमांगीने एक जाड लाँगबुक घातलं होतं. तिने त्याला नाव दिलं होतं, थांबण्याची वही. सर कोणत्या शब्दावर थांबले, किती वेळ थांबले, काय विचारलं, सगळं तारखेनिशी. म्हणजे पुढच्या वेळी तशी ओळ आली की उत्तर आधीच शोधून ठेवता येई आणि म्हाताऱ्याला ताटकळावं लागत नसे. हळूहळू वहीत बारीकसारीक गोष्टीही उतरू लागल्या. 'विस्थापन या शब्दावर हमखास थांबतात. नव्या जागी वसवणे म्हटलं तर नाही.' 'चहानंतर परिशिष्टाबद्दल विचारत नाहीत.' 'शनिवारी उपास. साबुदाण्याच्या खिचडीनंतर थांबणं निम्म्यावर येतं.' हे शेवटचं तिने गंमत म्हणून लिहिलं होतं. माणूस ज्याची काळजी घेतो त्याच्याबद्दल असलंच काहीबाही टिपून ठेवतो.

दोन वर्षांपूर्वी तिला एका प्रशिक्षण वर्गात शिकवायला बोलावलं होतं. राज्यपालांच्या घरांतून, न्यायालयांतून, सभापतींच्या कार्यालयांतून एक्केचाळीस टिपणलेखक आले होते. हेमांगीने त्यांना वही दाखवली आणि तशी ठेवायला शिकवलं. टाळ्या पडल्या. त्याच वर्गात मागच्या बाकावर निनाद परचुरे बसले होते.

परचुरे पूर्वमत कक्षाचे प्रमुख. कोण काय मत देईल याचा यंत्राकडून आधीच अंदाज घेणारा हा कक्ष नवा निघालेला, एका मंत्रालयाच्या मागच्या इमारतीत. चाळिशीचा, मृदू बोलणारा, पुण्याचा गृहस्थ. त्यांनी वही मागितली तेव्हा कारणही रास्तच दिलं. सरांना मध्यंतरी हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. कक्षाच्या यंत्राला त्यांच्या सवयी कळल्या तर फाइली नेटक्या येतील, त्यांचा ताण कमी होईल. हेमांगीने एका दुपारपुरती वही दिली. तिला वाटलं, आपल्या कष्टांचं चीज झालं.

मग फाइली खरंच नेटक्या येऊ लागल्या.

"मंत्रालयातली पोरं सुधारली म्हणायची," वामनराव खूश होऊन म्हणायचे. "भाषा कशी सोपी लिहून राहिले पाहा."

हेमांगीलाही बरं वाटलं. पण एके दिवशी टेबल आवरताना तिच्या हाती लाल पेन्सिल आली. एरवी ती महिन्याभरात झिजून बोटभर व्हायची. ही जवळजवळ अख्खी होती. हेमांगीने वही उघडली. शेवटची नोंद अकरा महिन्यांपूर्वीची होती. अकरा महिन्यांत तीनेकशे फाइली वाचल्या होत्या आणि सरांचं बोट एकदाही वर गेलं नव्हतं.

'राष्ट्रपती कार्यसुलभता अध्यादेश' आला तो त्याच आठवड्यात, शनिवारी, खिचडीनंतर.

चौदा कलमं होती. हेमांगीने ती घडाघडा वाचली. वामनराव डोळे मिटून ऐकत राहिले, बोट मांडीवरच राहिलं. "ठीक आहे," ते म्हणाले. "सोमवारी सही करू. एखादी रात्र फाइल झोपू द्यावी."

रविवारी हेमांगी टिपण करायला बसली. कलमं ती आधी हाताने उतरवून काढायची, ही तिची मंत्रालयापासूनची सवय. जीभ धावते, हात धावत नाही. नववं कलम लिहिताना तिचा हात थांबला. 'राष्ट्रपतींचे मत ज्या बाबतीत प्रमाणित पूर्वमताने आधीच स्पष्ट झाले असेल, त्या बाबतीत ते पुन्हा नोंदविण्याचे कष्ट त्यांना देण्यात येऊ नयेत आणि ते नोंदविले गेले आहे असे समजण्यात यावे.'

तिने ते तीनदा वाचलं. यापुढे यंत्र म्हणालं की राष्ट्रपती हो म्हणतील, तर ते हो म्हणाले. फाइल इथे यायलाच नको. सही, दयेचे अर्ज, विधेयकं, युद्ध, आणीबाणी, सगळंच. आणि किती मायेने लिहिलं होतं, कष्ट देण्यात येऊ नयेत! म्हणूनच तिची जीभ अडखळली नव्हती. तिला भीती वाटली, आणि त्याहून जास्त लाज.

सोमवारी सकाळी ऑफिसला जाण्याआधी ती परचुऱ्यांच्या कक्षात गेली. तिथे आवाज करणारं काही नव्हतं. दोन खोल्या, चार पडदे, आणि मनीप्लांटची कुंडी.

"या, टिपणीसबाई," परचुरे उठून उभे राहिले. "चहा घेणार ना?"

"अकरा महिन्यांत सर एकदाही थांबले नाहीत," ती म्हणाली. "तुम्ही काय केलंत?"

परचुऱ्यांनी लपवाछपवी केली नाही. उलट, बऱ्याच दिवसांनी कुणीतरी आपल्या कामाची चौकशी करतंय असा त्यांना आनंद झाला. ते समजावून सांगू लागले. माणूस निर्णय घेतो म्हणजे विचार करतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात बहुतेक वेळा तो पुढे पुढे सरकत असतो, आणि कुठे ठेच लागली तरच थांबून विचार करतो. कुणाला कुठल्या शब्दाची ठेच लागते हे ज्याचं त्याचं ठरलेलं असतं. त्याच्या जुन्या ठेचा पुरेशा मिळाल्या की यंत्र त्या माणसाचा नकाशा काढतं. सासऱ्याला मीठ किती लागतं हे सुनेला न विचारता कळतं, तसंच.

"इथवर सगळेच आले होते," ते म्हणाले. "पण त्याच्या पुढची पायरी आमची. माणूस काय म्हणेल हे यंत्राला विचारायचंच नाही. त्याने हो म्हणावं असं लिहून दे म्हणायचं. एकाच कायद्याचे दहा हजार मसुदे यंत्र करतं. अर्थ तोच, शब्द वेगळे, क्रम वेगळा, वार वेगळा. ते सगळे नकाशावरून फिरवायचे. ज्याच्यात एकदाही ठेच लागत नाही, तो तुमच्याकडे येतो."

"आणि मी? माझी जीभ?"

"तुम्हीही नकाशात आहात. वहीतलं अक्षर तुमचंच की. तुमच्या वाचनाची ध्वनिमुद्रणंही होती." परचुऱ्यांनी चहाचा कप तिच्याकडे सरकवला. "यात बेकायदा काही नाही, बाई. सरांचे अधिकार जसेच्या तसे आहेत. एकाही अधिकाराला आम्ही हात लावलेला नाही."

हेमांगी उठली. "मी आत्ता जाऊन सरांना सगळं सांगणार आहे."

"सांगा ना," परचुरे मनापासून म्हणाले. "खुशाल सांगा. अध्यादेश निघण्याची शक्यता नव्याण्णव पूर्णांक दोन टक्के आहे. तुम्ही सांगाल हे धरूनच काढलेला आकडा आहे तो."

तिने सांगितलं. कलम नऊ सांगितलं, कक्ष सांगितला, दहा हजार मसुदे सांगितले, नव्याण्णव टक्क्यांचा आकडा सांगितला. वहीचं तेवढं तिच्या तोंडून निघेना. वामनरावांनी सगळं ऐकलं आणि मास्तरांच्या आवाजात म्हणाले, "यात घाबरायचं काय आहे? घटनेनं सोय करून ठेवली आहे. मंत्रिमंडळाचा सल्ला मी एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतो. घ्या लिहून."

त्यांनी तीन प्रश्न सांगितले. प्रमाणित म्हणजे कुणी प्रमाणित केलेलं? राष्ट्रपतींना ते मत मान्य नसेल तर कळणार कसं? आणि सही हे कष्ट आहेत हे कुणाला विचारून ठरवलं? सांगताना त्यांना हुरूप आला होता. फाइल साडेदहाला गेली.

सव्वाअकराला ती परत आली. पंधरा पानांचं उत्तर, मंत्रिमंडळाने फेरविचार करून सल्ला कायम ठेवल्याचा ठराव, खाली सह्या. हेमांगी वाचू लागली. तिन्ही प्रश्नांची उत्तरं होती, ज्या क्रमाने त्यांनी विचारले होते त्याच क्रमाने. शेवटच्या पानावर ठरावाची तारीख होती. ती वाचताना हेमांगीची जीभ अडखळली.

वामनरावांचं बोट वर गेलं. अकरा महिन्यांत पहिल्यांदा.

"काय झालं?"

"सर, तारीख कालची आहे. काल रविवारी बैठक झाली. प्रश्न तुम्ही आज विचारलेत."

बाहेर बागेत गवत कापायचं यंत्र चालू होतं, ते बंद झालं.

"म्हणजे मी परत पाठवावं हेच त्यांना पाहिजे होतं," ते शेवटी म्हणाले. "काहून, माहीत आहे? परत पाठवायच्या आधी मी बोलू शकत होतो, समजावू शकत होतो, मंत्र्यांना बोलावून माहिती मागू शकत होतो. एकदा फेरविचार होऊन सल्ला आला की मी बांधला गेलो. मग सल्ल्याप्रमाणे वागावंच लागते. सव्वीस वर्षं पोरांना घोकून घेतलं मी हे. राष्ट्रपती एकदाच परत पाठवू शकतात. गुण दोन."

"न्यायालयात टिकणार नाही हे, सर."

"नाही टिकणार. पण निकाल लागेस्तोवर दोन-तीन वर्षं जातील, अन् तोवर माझ्या नावानं काय काय होऊन जाईल?" ते तिच्याकडे वळले, म्हणजे तिच्या कानाकडे. "मले एक सांगा, बाई. मी तीन प्रश्न विचारीन, अन् हेच विचारीन, हे यंत्राला शिकवलं कुणी?"

आता गप्प बसणं शक्य नव्हतं. हेमांगीने वही आणून त्यांच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. त्यांनी पानं उलटली नाहीत, उलटून दिसलंही नसतं. नुसती वजन केल्यासारखी धरून ठेवली.

"चार वर्षं?"

"तुमच्यासाठी ठेवत होते, सर. तुम्हाला त्रास कमी व्हावा म्हणून."

"माझ्या उपासाचंही आहे यात?"

"आहे."

"आज वाचणं पुरे," वामनराव म्हणाले. "उद्या येऊ नका तुम्ही."

मंगळवारी आणि बुधवारी हेमांगी आपल्या खोलीत नुसती बसून होती. भांडारातून वाचनयंत्र पुन्हा मागवलं होतं. भिंतीपलीकडून त्याचा सपाट आवाज येत होता. कलम नऊ. पुन्हा कलम नऊ. एकाच सुरात, दिवसभर. तिला रडू आलं आणि ती रडली. चार वर्षं ज्या माणसाचा घसा खवखवला तरी तिला आधी कळायचं, त्याने तिला दाराबाहेर ठेवलं होतं, आणि बरोबरच केलं होतं.

गुरुवारी सकाळी बोलावणं आलं. फेरविचार होऊन आलेल्या फाइलीचे तीन दिवस आज भरत होते.

"बसा," वामनराव म्हणाले. त्यांचा चेहरा दोन दिवसांत उतरला होता. "हे मशीन सत्तर-ऐंशी वेळा ऐकलं मी. चौथ्या की पाचव्या खेपेलाच ती ओळ मले टोचली. तवा समजलं. तुम्ही वाचत होत्या तेव्हा मी तुमचा आवाज ऐकत होतो, ओळ ऐकतच नव्हतो. विश्वासानं ऐकणाऱ्याचं असंच होते. यात दोघांचाही दोष आहे, तुमच्या एकट्याचा नाही."

हेमांगीने मान खाली घातली.

"आता सांगा, अधिवेशन कधी आहे?"

"पुढच्या बुधवारी, सर. अकराला दोन्ही सभागृहं बसतील."

"दोन्ही सभागृहं बसली की अध्यादेश निघत नाही. मग त्यांना विधेयक आणावं लागेल. चारचौघांत, चर्चा करून. म्हणजे सहा दिवस." ते थांबले. "घटनेत एक गोष्ट लिहिलेली नाही. सही करावी लागते हे लिहिलं आहे, पण किती दिवसांत ते लिहिलं नाही. मी वर्गात ही गोष्ट कधी शिकवली नाही. परीक्षेत येत नव्हती म्हणून."

"मग ठेवा ना सर फाइल तशीच! सहाच दिवसांचा प्रश्न आहे."

"तुम्हाले सोपं वाटते." त्यांचा आवाज चढला. "प्रल्हाद भगत नावाचा विद्यार्थी होता माझा. फाशीची शिक्षा झाली त्याला. दयेचा अर्ज याच घरात आला, याच टेबलावर. नऊ वर्षं पडून होता. कुणी हो म्हटलं नाही, कुणी नाही म्हटलं नाही. दहाव्या वर्षी दया मिळाली, तोवर पोराला स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं. मी भेटायला गेलो तर मलाच विचारे, सर, हजेरी झाली का? या खुर्चीवर बसलो त्या दिवशी मी शपथ घेतली, घटनेची एक आणि मनातल्या मनात दुसरी. इथे कागद अडकणार नाही. फाइल दाबून बसणं म्हणजे भित्र्याचा नकार, असं मी जाहीर भाषणांत बोललो आहे. अन् यंत्राला ते माहीत आहे. वहीत असेलच."

"आहे," हेमांगी म्हणाली. "पान एकशे बारा."

"मग नव्याण्णव टक्के मी सही करणार म्हणते ते बरोबरच आहे." ते हसले, पण त्यात हसू नव्हतं. "एक टक्काही उरत नाही पुरता."

जे वाटलं ते हेमांगीने बोलून टाकलं. "सर, प्रल्हादची फाइल दाबणाऱ्याला काही गमवावं लागलं नव्हतं. तुम्हाला लागणार आहे. ते एकसारखं कसं होईल?"

वामनराव कितीतरी वेळ बोटांनी टेबलाची कड चाचपत राहिले. मग त्यांनी खणाची किल्ली मागितली, फाइल आत ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली बंडीच्या आतल्या खिशात टाकली.

ते सहा दिवस कसे गेले ते त्या दोघांनाच ठाऊक. आधी एक मंत्री येऊन गोड बोलून गेले, दुसरे येऊन कडू बोलून गेले. शनिवारी वाहिन्यांवर राष्ट्रपतींच्या प्रकृतीची चिंता सुरू झाली. कुणीतरी त्यांच्याच जुन्या भाषणांतला तो 'भित्र्याचा नकार' शोधून काढला आणि दर तासाला ऐकवू लागलं. वामनराव आवाज मोठा करून ते ऐकत. सोमवारी न बोलावता दोन डॉक्टर आले आणि आज वार कोणता, शंभरातून सात गेले किती, असं विचारू लागले. त्यांनी त्र्याण्णवपासून थेट दोनपर्यंत वजाबाकी करून दाखवली आणि वर वाशीम जिल्ह्यातले तालुके सांगितले. डॉक्टर गेल्यावर मात्र ते खुर्चीत टेकले. "एखादा आकडा चुकला असता तर?" ते म्हणाले. हेमांगीने त्यांना पाणी दिलं.

बुधवारी अकरा वाजून पाच मिनिटांनी दोन्ही सभागृहं सुरू झाल्याचं तिने वाचून दाखवलं. वामनरावांनी खण उघडला, फाइलीवर लाल पेन्सिलीने चाचपडत दोन शब्द लिहिले, 'मुदत संपली', आणि ती परत पाठवली. त्या दिवशी त्यांनी दोन वाट्या श्रीखंड मागवून खाल्लं. हेमांगीला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी परचुरे तिच्या खोलीत आले. रागावलेले नव्हते, उलट प्रसन्न होते.

"अभिनंदन," ते म्हणाले. "तो आठ दशांश आम्हाला काही केल्या सापडत नव्हता. स्वतःच्या शपथेविरुद्ध माणूस केव्हा जातो, याचं एकही उदाहरण यंत्राकडे नव्हतं. आता आहे. सहा दिवसांचं, तासातासाचं."

"विधेयक आणा आता," हेमांगी म्हणाली. "सगळ्यांसमोर होऊ दे चर्चा. आणि पास होऊन आलं तरी सर पुन्हा दाबून ठेवतील."

"सर चार महिन्यांनी वाशीमला जातील, बाई. मुदत संपतेय त्यांची. आम्हाला त्यांचा नकाशा लागणारही नाही." परचुरे दारापाशी थांबले. "एका माणसाकरता कोण एवढा खटाटोप करेल? आम्हाला पद्धत बसवायची होती. ती तुमच्यामुळे बसली. तुमचा तो वर्ग फार उत्तम झाला होता. मी अजून सगळ्यांना सांगतो."

ते गेले. हेमांगीने धडपडत कपाट उघडलं आणि दोन वर्षांपूर्वीच्या वर्गाची हजेरी शोधून काढली. एक्केचाळीस नावं होती. टाळ्या वाजवणारी, वही हातात घेऊन पाहणारी, फोटो काढून घेणारी. पहिलं नाव शर्वाणी देवस्थळीचं होतं. उपराष्ट्रपतींची टिपणलेखिका. चार महिन्यांनी इथे कोण येणार याबद्दल दिल्लीत कुणालाच शंका नव्हती, आणि ती त्यांच्याबरोबरच येणार होती.

फोन पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"ताई! किती दिवसांनी!"

"शर्वाणी, ती वही. थांबण्याची. तू ठेवतेस का?"

"ठेवते म्हणजे काय! तिसरी चालू आहे."

"कुणाला देऊ नकोस. कुणीही मागितली तरी. ऐकतेस ना?"

पलीकडे शर्वाणी हसली. "अहो ताई, दिली की. मागच्या वर्षीच. परचुरे सर स्वतः आले होते, तुमचं नाव सांगितलं त्यांनी. का हो, काय झालं?"

हेमांगीने यादी पुढ्यात ओढली. तिने एकच विचारलं. "तुझे साहेब फाइल ऐकताना थांबतात का गं हल्ली?"

"नाही हो," शर्वाणी कौतुकाने म्हणाली. "हल्ली मुळीच थांबत नाहीत. सगळं कसं सुरळीत चाललंय."

हेमांगीने फोन ठेवला आणि यादीतल्या दुसऱ्या नावावर बोट ठेवलं. त्याच्याखाली अजून एकोणचाळीस नावं होती.